अण्णा, कोपऱ्यातलं मशीन आणि माझी कावीळ

हे लिहितोय तेव्हा माझे डोळे पुन्हा माणसासारखे पांढरे झालेत. मधले काही महिने ते हळकुंडासारखे होते, आणि ज्यांच्यामुळे झाले ते गृहस्थ सांगलीतले हळदीचे व्यापारी. हा विनोद माझा नाही. माझे विनोद यापेक्षा बरे असतात.

मी सिकंदर. डायलिसिस टेक्निशियन. ज्यांच्या किडन्यांनी काम सोडलंय त्यांचं रक्त मशीनमधून फिरवून, साफ करून परत त्यांच्या अंगात घालायचं, हे माझं काम. माणूस एकदा मशीनला लागला की चार तास अडकला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्याला यावंच लागतं. गाव शिराळ्याच्या बाजूला, नोकरी सांगलीत. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण मला अजून तिथंच ड्युटी करायची आहे.

ज्यांचं पोट दुसऱ्याच्या रक्तावर चालतं त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय. सिस्टर, ब्रदर, लॅबवाले, वॉर्डातला कचरा उचलणाऱ्या मावश्या. डॉक्टरांनी वाचलं तरी हरकत नाही.

माझं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक

चार तास छताकडे बघत पडलेल्या माणसाचं मन रमवायचं कसं? आमच्याकडे टीव्ही आहे, पण रिमोटवरून पेशंटांत भांडणं होतात. म्हणून मी गप्पा मारायचो. विषय एकच, माझी फजिती. माल कधी कमी पडला नाही. ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात स्वतःचंच रक्त काढताना बघून मी चक्कर येऊन पडलो होतो. नोकरीला लागल्यावर एका साध्या कपड्यातल्या माणसाला पास नाही म्हणून जिन्यात अडवून धरलं होतं, तो रुग्णालयाचा मालक निघाला. असलं बरंच.

ऐकणारे सगळेच हसायचे, पण अण्णांसारखं कुणी नाही. जैन घरातले, साठी ओलांडलेले, हळदीच्या पेठेत चार पिढ्यांचं दुकान. अंगानं काटकुळे, पण हसायला लागले की सगळी खाट हलायची. सुई लावलेला हात हलला की मशीन ओरडतं, त्यामुळे अण्णा हसले की मशीन ओरडायचं, आणि सिस्टर माझ्याकडे बघून ओरडायच्या. आल्या आल्या अण्णा म्हणायचे, "बस रं सिकंदर. परवा कुठवर आलतो आपण?" माझा सख्खा बाप मी लहान असताना गेला. अण्णांना मी काय समजत होतो ते यावरून ओळखा.

आता आमच्या वॉर्डाची रचना सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. खिडकीच्या बाजूनं मशीनांची रांग, मोकळी, एकमेकांशी बोलता येईल अशी. आणि पार कोपऱ्यात, पार्टिशनच्या आड, भिंतीकडे तोंड केलेलं एक वेगळं मशीन. ज्यांच्या रक्तात हिपॅटायटिस बीचा विषाणू आहे त्यांच्यासाठी ते. त्यांचं मशीन दुसऱ्या कुणाला लावायचं नाही, हा नियम सगळीकडेच असतो. आमच्याकडे ते शेवटच्या पाळीत चालायचं. तिथल्या माणसाला भिंत दिसते, आणि रांगेतल्या लोकांचं हसणं नुसतं ऐकू येतं.

पुण्याहून परत

लेकीचं बाळंतपण होतं म्हणून अण्णा काही दिवस पुण्याला तिच्याकडे राहिले. डायलिसिस तिकडंच कुठंतरी करून घेतलं. परत आले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी बाकीच्या पेशंटांना पेढे वाटायच्या बेतात होतो. किडनीच्या पेशंटांना पेढे चालत नाहीत, याची सिस्टरांनी वेळेवर आठवण करून दिली.

बाहेर डायलिसिस करून आलेल्या माणसाची रक्ततपासणी परत करायची आणि मगच रांगेतलं मशीन द्यायचं, हाही नियम. मी अण्णांना म्हणालो, रक्त घ्यावं लागेल. ते म्हणाले, मागच्याच आठवड्यात तिकडं सगळं केलंय, सगळं निगेटिव्ह, पोराच्या मोबाईलवर हाय, पाठवायला सांगतो. त्यांच्या अंगात रक्त आधीच कमी, त्यात मी परत सुई टोचू? मी म्हणालो, राहू दे. मोबाईलवरचा तो रिपोर्ट काही आला नाही, आणि मीही परत मागितला नाही. इथं माझी अक्कल चरायला गेली होती, हे आता कुणीही सांगेल. तेव्हा मला तो चांगुलपणा वाटला.

मेंढी

त्या दिवशीची गोष्ट होती माझ्या मुलगी बघण्याची. लग्नाआधी मला माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढं एका गावात स्थळ बघायला पाठवलं होतं. पांढरा शर्ट, हातात बॅग, असा मी चुकीच्या घरात शिरलो. त्या घरचे लोक सकाळपासून जनावरांच्या डॉक्टरची वाट बघत होते. त्यांनी मला पाणी दिलं, चहा पाजला, आणि मोठ्या आदरानं मागच्या परड्यात नेलं. तिथं एक मेंढी विताना अडलेली. मला वाटलं, या भागात मुलगी दाखवायच्या आधी मेंढी दाखवायची पद्धत असेल. तेवढ्यात घरमालक म्हणाला, बाह्या वर करा.

अण्णांची वेळ संपत आली होती. मी त्यांच्या हातातली सुई काढत होतो आणि गोष्टही रंगात आली होती. कथेकऱ्याची खुमखुमी म्हणतात ती हीच. बाह्या कशा वर केल्या ते मी हातवारे करून दाखवायला गेलो, आणि नुकतीच काढलेली सुई माझ्या डाव्या तळव्यात रुतली. डायलिसिसची सुई साधीसुधी नसते, गोणी शिवायच्या दाभणाच्या नात्यातली असते. ग्लोव्ह रक्तानं भरला.

मी नळाखाली साबणानं हात धुतला. तेवढं तरी नीट केलं. मग येऊन अण्णांना विचारलं, "अण्णा, पुण्यात सगळं निगेटिव्हच हुतं न्हवं? काय न्हाई न्हवं तुमाला?"

अण्णांनी छताकडे बघितलं.

"काय न्हाई रं," ते म्हणाले. "मेंढीचं काय झालं ते सांग."

मला तेव्हा हसू आलं. एवढं रक्त आलं तरी म्हाताऱ्याला मेंढीची पडलीय. पण माझा हात ठणकत होता आणि पुढच्या पाळीची माणसं दारात उभी होती. म्हटलं, उरलेली पुढच्या वेळी. पुढच्या वेळी दुसरंच काही निघालं आणि मेंढी परड्यातच राहिली. इन्चार्ज सिस्टरांच्या कानावर घातलं, पण कसं, तर "टोचलं जरा, अण्णांचीच सुई, काळजी नाही" असं. त्यांनीही मान हलवली. अण्णांना सगळा वॉर्ड ओळखत होता.

पिवळं

दोन-अडीच महिने गेले असतील. कऱ्हाडला चुलतभावाच्या लग्नात बिर्याणी खाल्ली आणि दुसऱ्या दिवसापासून अन्नावरची वासनाच उडाली. चहाच्या वासानं मळमळायचं. जिना चढताना गुडघे म्हणायचे, बसूया. मी बिर्याणीवाल्याला शिव्या घातल्या. त्या माणसाची मी इथं जाहीर माफी मागतो, बिर्याणी उत्तम होती.

एका सकाळी मी अण्णांच्या हाताला टेप लावत होतो. एरवी बोलणारे अण्णा माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "डोळं पिवळं दिसत्यात रं तुझं. आजच्या आज रक्त तपास." आणि मान पलीकडे वळवली.

रिपोर्ट आला. हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह, लिव्हरचे आकडे आभाळाला टेकलेले. आणि मला पहिला विचार आला तो हा, की बघा, बायकोच्या आधी अण्णांच्या लक्षात आलं, किती जीव आहे म्हाताऱ्याचा माझ्यावर. मूर्खपणाची स्पर्धा असती तर त्या दिवशी मला पहिलं बक्षीस मिळालं असतं.

तुम्ही विचाराल, लस घेतली नव्हती का? घेतली होती, तिन्ही डोस. नव्या पोरांना लस घ्या म्हणून व्याख्यान देणाराही मीच होतो. पण काही जणांच्या अंगात लस धरत नाही, आणि धरली की नाही हे डोस संपल्यावर महिना-दोन महिन्यांनी रक्ताची एक तपासणी केल्यावरच कळतं. टायटर म्हणतात. ती मी केलीच नव्हती. मी छाती पुढं काढून फिरत होतो आणि आत कवच नव्हतंच.

धागा बांधलेला पेला

रेश्माला, माझ्या बायकोला, सहावा महिना होता. हा रोग रक्तातून जातो, नवरा-बायकोत जातो, आईकडून बाळाला जातो. माझं काय व्हायचं ते होईल, पण तिचा रिपोर्ट येईपर्यंत मी लॅबच्या बाहेरच्या बाकावर बसून होतो आणि आयुष्यात पहिल्यांदा मला सांगण्यासारखं काही सुचत नव्हतं. लॅबमधला माझा मित्र बाहेर आला आणि लांबूनच दोन्ही हात हलवून नाही, नाही म्हणाला. निगेटिव्ह होती. तिला लगेच लस सुरू केली आणि सोबत इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही दिलं, म्हणजे उसनं पण तयार कवच. टोचल्यावर लवकरात लवकर, शक्यतो त्याच दिवशी, मला मिळायला हवं होतं ते हेच.

उलट्या थांबेनात म्हणून मला ॲडमिट केलं. ज्या लोकांबरोबर मी डबा खायचो ते आता माझ्या हातात सलाईन लावत होते. सकाळी रक्त, दुपारी राउंड, संध्याकाळी परत रक्त. डॉक्टरांना दोनच गोष्टींची भीती होती. रक्त गोठायला वेळ लागू लागला किंवा मी असंबद्ध बोलू लागलो, तर लिव्हर हात टेकतंय असं समजायचं. सिस्टर म्हणाल्या, दुसऱ्याचं कसं ओळखायचं, हा बारा महिने असंबद्धच बोलतो.

हसलो. पण लाइट बंद झाले की मी स्वतःलाच आज वार कोणता ते विचारून बघायचो.

धोका टळल्यावर घरी सोडलं, आणि गावाहून अम्मा आली. येताना काविळीची माळ घेऊन आली, डोक्यावर ठेवतात ती, वाढत वाढत गळ्यात उतरली की कावीळ उतरली असं मानतात. मी, सायन्सचा पदवीधर, दर आठवड्याला लोकांना असल्या गोष्टी करू नका म्हणून सांगणारा, डोक्यावर मुळ्यांची माळ घालून खुर्चीत बसलो. तिच्याशी वाद घालण्याइतकी ताकद माझ्यात नव्हती. गळ्यात उतरली ती, पण मी डुलकी घेताना मान खाली पडली म्हणून. अम्माला मी ते सांगितलेलं नाही. औषध म्हणून कसल्याशा पाल्याचा रस नाकात घालायचा बेत मात्र मी हाणून पाडला, आणि तुम्हीही पाडा. लिव्हर आधीच सुजलेलं असतं, त्यात पाल्याचा मारा नको.

पण अम्मानं आणखी एक केलं. माझा पेला वेगळा काढला, त्याला लाल धागा बांधला आणि मोरीजवळच्या फळीवर ठेवला. ताटही तिथंच. जेवणातून, पेल्यातून, शेजारी बसण्यातून हे पसरत नाही, हे मी तिला किती वेळा सांगितलं. ती म्हणायची, तुला काय कळतंय, पोटुशी हाय ती. घरातले सगळे आत जेवायचे आणि मी बाहेरच्या खोलीत भिंतीकडे बघत कण्या खायचो. आतून हसण्याचा आवाज यायचा.

एक दिवस रेश्मा बाहेर आली, फळीवरचा तो पेला उचलला, माठातलं पाणी घेतलं आणि अम्मासमोर उभ्यानं सगळं पिऊन टाकलं. पेला धुऊन आतल्या पेल्यांत ठेवला. दुसऱ्या दिवशी धागा गेला होता. या आजारपणात मला मिळालेलं सगळ्यात चांगलं औषध कुठलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो.

अण्णांचं रक्त

मी पॉझिटिव्ह निघाल्यावर वॉर्डातल्या सगळ्यांची तपासणी झाली. बाकी सगळे निगेटिव्ह, शुक्र आहे. एकटे अण्णा पॉझिटिव्ह.

इन्चार्ज सिस्टर स्वतः घरी सांगायला आल्या. मी म्हणालो, अरेरे, माझ्यामुळं अण्णांना झालं की काय? सिस्टरांनी माझ्याकडे जितक्या दयेनं बघितलं तितक्या दयेनं त्या रोगानंही बघितलं नव्हतं. त्यांनी अण्णांच्या मुलाला फोन करून खडसावलं होतं. मग तो बोलला. पुण्यातच निघालं होतं. शेवटचे काही आठवडे अण्णा तिथंही वेगळ्याच मशीनवर होते.

म्हणजे मी नळावरून हात धुऊन आलो, विचारलं, त्यांनी छताकडे बघितलं, तेव्हा त्यांना माहीत होतं.

रोगाचा मला राग आला नाही. टोचणं माझ्याच हातवाऱ्यांनी झालं. तपासणी मीच सोडली, टायटर मीच केलं नाही. माझा मूर्खपणा मी कुणाला देत नाही, तो माझा धंदा आहे. पण विचारल्यावर एक शब्द बोलले असते तर मी पळत जाऊन इंजेक्शन घेतलं असतं. आणि नंतर, माझे डोळे पिवळे झालेले सगळ्यात आधी त्यांना दिसले, कारण वाट बघणारे ते एकटेच होते. ज्याला मी जीव लावणं समजलो ते हे होतं.

मुलगा भेटायला आला. फळांची पिशवी घेऊन दारातच उभा राहिला. म्हणाला, ती शेवटची पाळी अण्णांना चालली नसती, दिवस मावळायच्या आत जेवायचा त्यांचा नेम आहे, चाळीस वर्षं मोडला नाही. रेश्मा पोटावर हात ठेवून उंबऱ्यात उभी होती.

"जेवणाचं सांगितलं असतं तर ह्यांनी पाळी बदलून दिली असती," ती म्हणाली. "रोगाचं सांगितलं असतं तर जीव लावून केलं असतं. तुमी दोनी न्हाई सांगितलं."

तो मान खाली घालून म्हणाला, खरं सांगू का वहिनी, अण्णा म्हणायचे, त्या कोपऱ्यात टाकल्यावर सिकंदर काय माझ्याजवळ येऊन बसायचा नाही.

फळं रेश्मानं ठेवून घेतली नाहीत. मला त्यातला एक आंबा खावासा वाटत होता, पण तसं म्हणायची ती वेळ नव्हती.

तुमच्यासाठी एवढंच

टोचलं तर पेशंटला विचारू नका, लॅबला विचारा. पेशंट घाबरलेला असतो, लॅब घाबरत नाही. तो कितीही जवळचा असला तरी. जवळचा असला तर जास्तच. लस घ्या, आणि धरली का ते तपासून घ्या. टोचल्याचं त्याच वेळी सांगा, "काळजी नाही" हे शब्द न जोडता. वापरलेली सुई हातात असताना गोष्ट सांगू नका. आणि ज्याला हा आजार आहे त्याचा पेला फळीवर ठेवू नका. आपण कोपरा करतो म्हणून लोक लपवतात, हे मला माहीत झालंय. त्यानं माझा राग कमी झाला असं मात्र समजू नका.

कोपरा

विषाणू अंगातून जातोय की कायमचा मुक्काम करतोय, हे कळायला सहा महिने थांबावं लागतं. बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगातून तो जातो. माझ्याही गेला. मधल्या काळात मुलगी झाली. तिला जन्मताच लस दिली, तीही निगेटिव्ह, आणि आवाजावरून माझ्यावर गेलीय.

ड्युटीवर रुजू झालो तेव्हा सिस्टर माझा नवा रिपोर्ट बघून म्हणाल्या, "आता तुझ्या अंगात भरपूर अँटिबॉडी आहेत. तुला हा रोग परत होत नाही. कोपऱ्यातलं मशीन तुझं."

कोपऱ्यात अण्णा होते. त्यांची पाळी सकाळची करून दिली होती, दिवस मावळायच्या आत निवांत जेवण व्हावं म्हणून. एवढं सोपं होतं ते.

मी ग्लोव्हज, चष्मा, ॲप्रन, सगळं घालून सुई लावायचो, बीपी बघायचो आणि उठून यायचो. बोलायचं काही नाही. पार्टिशनच्या पलीकडे रांगेत लोक हसले की अण्णांचे डोळे तिकडे जायचे, आणि मला आमच्या बाहेरच्या खोलीतल्या कण्या आठवायच्या. असे पुष्कळ दिवस गेले.

मग एका सकाळी भिंतीकडे बघतच ते म्हणाले, "मेंढीचं राहिलं रं सिकंदर."

मी खुर्ची ओढून बसलो. म्हणालो, "ती नको. दुसरी सांगतो." आणि सुरुवात केली. एक डायलिसिसवाला होता, बडबड्या. त्याचा एक म्हातारा होता, हसला की मशीन ओरडायचं. म्हातारा पुण्याला गेला, परत आला. सगळं सांगितलं, नेहमीसारखं, हातवारे न करता. सुई रुतली इथवर आलो. डायलिसिसवाला हात धुऊन आला आणि म्हाताऱ्याला विचारलं, तुमाला काय न्हाई न्हवं? इथं मी थांबलो.

"मग?" अण्णा म्हणाले.

"मग म्हातारा काय म्हणाला, ते तुमी सांगा."

मशीन फिरत होतं. अण्णांचं रक्त नळीतून जात होतं आणि परत येत होतं. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"म्हातारा म्हणाला, हाय मला. पळ पोरा, आधी इंजेक्शन घे."

मी उठलो. त्यांचा बीपी बघितला, ठीक होता. ग्लोव्हज काढून डब्यात टाकले आणि नळाखाली साबणानं हात धुतले, दोन्ही बाजूंनी, बोटांच्या मधेसुद्धा. परत येऊन बसलो तेव्हा अण्णा छताकडे बघत होते आणि डोळ्यांतलं पाणी कानाकडे चाललं होतं. सुईचा हात हलवायचा नसतो, म्हणून दुसऱ्या हातानं पुसायला गेले, पण त्याला बीपीचा पट्टा होता, तो पोचेना. मी पुसलं नाही. उठूनही गेलो नाही.

मेंढीचं पुढं काय झालं ते त्यांनी परत विचारलेलं नाही.